बायपासवरची अवजड वाहनबंदी: हरकतीत नेमकं काय लिहायचं?

दक्षिणवाट
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांब होईल, पण पूर्ण वाचून मगच मत द्या ही विनंती.

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला बायपासला लागून जी नवी गृहसंकुलं झालीत, त्यातल्या एकात आम्ही गेल्या दिवाळीत राहायला आलो. संकुलाचं, रस्त्याचं, बिल्डरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार इमारती आहेत. दोन भरल्यात, तिसरीत लोक यायला लागलेत, चौथीचं काम चालू आहे. समोर बायपास. शाळा, किराणा, दवाखाना, बसथांबा सगळं पलीकडच्या जुन्या वस्तीत. गेटसमोर दुभाजकाला एक कट आहे आणि चालत, सायकलवर, मोपेडवर, रिक्षातनं सगळे तिथूनच ओलांडतात.

गेल्या आठवड्यात गेटवर प्रारूप आदेशाची प्रत लागली. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ११५ अन्वये. सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री ९ या पट्ट्यात अवजड वाहनांना बंदी, गेटसमोरचा कट कायमचा बंद, दोन्ही बाजूंना वाहन थांबवायला मनाई. हरकती आणि सूचनांसाठी १५ दिवस. त्यातले ६ संपले.

आमच्या ग्रुपवर ठरलं की नऊ तासांनी काही होत नाही, बंदी चोवीस तासांची मागायची. पत्र मीच लिहिलंय, सह्याही सुरू झाल्यात.

का लिहिलं तेही सांगतो. दीड महिन्यापूर्वी सकाळी सव्वासातला शेजारच्या काकू मोपेडवरून दूध घेऊन परत येत होत्या. कटमध्ये थांबल्या, एक गाडी गेली, म्हणून पुढं झाल्या. तिच्या मागं डंपर होता, तो त्यांना दिसला नाही. मी गेटवरच होतो. ब्रेकचा आवाज आणि जळक्या टायरचा वास अजून जात नाही. काकू वाचल्या. मांडीत रॉड घातलाय, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. अॅम्ब्युलन्स गेल्यावरही मी त्यांची एक चप्पल दुभाजकापाशी शोधत होतो.

त्यामुळं मला बंदी हवी आहे. पण पत्र देण्याआधी हा रस्ता वापरणाऱ्या सगळ्यांचं ऐकावं असं वाटलं.

---

उसाचीखेप
सोमवार, रात्री १०.२५

दादा, काकूंचं वाचून वाईट वाटलं. पण माझं पण ऐका.

माझा ट्रॅक्टर हाय, मागं दोन ट्रॉल्या. कुंभी कारखान्याला कुडित्र्याला न्हाईतर भोगावतीला परित्याला ऊस घालतोय. टोळी पहाटं फडात उतरती. गाडी भरून, दोर आवळून निघायला दुपारचं तीन-चार वाजत्यात. तुमची बंदी चारला लागती. म्हंजे मी भरल्या गाडीसकट रात्री नऊपर्यंत कुठंतरी उभा. नऊला सुटलो की कारखान्याच्या केनयार्डात नंबर लागणार मध्यरात्रीनंतर. परत यायला पहाट. अंधारात, झोपेत दोन ट्रॉल्या वढायच्या. ते तुमाला तरी सुरक्षित वाटतंय का?

तुटलेला ऊस जितका वाळंल तितकं वजन जातंय आणि साखरेचा उतारा पडतोय. चोवीस तासांच्या आत गाळला तर बरा. वजन शेतकऱ्याचं जातंय, कारखान्याचं न्हाई.

आणि चोवीस तास बंदी म्हणताय, मग आम्ही जायचं कुठनं? रंकाळ्याकडनं? साने गुरुजी वसाहतीतनं? गावात ट्रॅक्टर येऊ नये म्हणून तर बायपास केला.

---

दोनमुलांचीआई
मंगळवार, सकाळी ६.५०

मी दक्षिणवाट यांच्याच संकुलात राहते. माझी मुलं तिसरीत आणि सहावीत. ७.२० ला रिक्षाकाका पलीकडं येतात, अलीकडं वळून यायला त्यांना वेळ पुरत नाही. रोज दोघांचे हात धरून मी त्या कटमध्ये उभी असते. तिथं दुभाजकाची रुंदी इतकीच आहे की धाकट्याचं दप्तर मागच्या बाजूला रस्त्यावर येतं. एकदा गॅलरीतून वाहनं मोजायला बसले होते. अर्ध्या तासात वहीचं पान भरलं, मग मोजणं सोडून दिलं.

उसवाले दादा, तुमचं नुकसान खरं आहे. पण रोज सकाळी ती पाच मिनिटं मी श्वास रोखून काढते. मला कुणाचं वाईट करायचं नाही. मला पलीकडं जायचं आहे.

---

तिसरामजला
मंगळवार, सकाळी ८.१५

मी पण तिथलाच. वीस वर्षांचं कर्ज घेऊन घर घेतलंय. मुद्रांक शुल्क भरलं, जीएसटी भरला, घरपट्टी भरतो. एवढं भरून माणसाला जिवंत घरी येता येत नसेल तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही. वाहनांनी दुसरा मार्ग शोधावा. याच कोल्हापूरनं टोल घालवला, २०१५ च्या डिसेंबरात सरकारला तो रद्द केल्याची घोषणा करावी लागली. आपण ठाम राहिलो तर बंदीही होईल. पत्र आहे तसं द्या.

---

गावठाण
मंगळवार, दुपारी १.०५

मी पलीकडच्या वस्तीतला. तुमचं संकुल उभं आहे त्या जागेत माझ्या लहानपणी शाळू आणि भुईमूग होता.

एक गोष्ट इथं कुणाला माहीत नसेल म्हणून सांगतो. तो कट मंजूर नकाशातला नाही. बायपास झाला तेव्हा आमच्या शेताचे दोन तुकडे झाले. विहीर एकीकडं, ऊस दुसरीकडं. जनावरं नेता येतील असा खालून रस्ता द्या म्हणून आम्ही अर्ज केले. मोरी मिळाली, ती पाण्याची. बैल वाकून जात नाही. मग आम्हीच दुभाजकाचे चार दगड काढले. तेव्हा दिवसातून दोनदा गाडी-बैल जायचे, तेवढाच वापर. आता त्याच जागी शेकडो माणसं ओलांडतात आणि कट बंद करायची भाषा होते.

बंद केला तर आम्हाला शेतात जायला लांबचा वळसा पडेल. काय होईल ते आजच सांगतो. लोक उलट्या बाजूनं गाड्या घालतील. मोपेडवाला वळसा घालत नाही. दूध डेअरीला घालायला जाणारा तर नाहीच.

---

जुनाओव्हरसिअर
मंगळवार, रात्री ९.३०

रस्त्याच्या कामात उभा जन्म गेला, म्हणून सविस्तर लिहितो. दक्षिणवाट, तुमचं पत्र फाडू नका, पण आहे तसं देऊही नका.

आधी कायदा. कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या, पुलाच्या स्वरूपामुळं ठरावीक वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालता येते. ती एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्याहून जास्त काळाची असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. त्याच कलमात असंही आहे की बंदी घातली की कलम ११६ प्रमाणे योग्य ठिकाणी फलक उभारायचे. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात आणि नेमकं तिथंच सगळं बिघडतं.

आता 'अवजड' या शब्दाकडं या. कायद्यात अवजड मालवाहू म्हणजे ज्याचं भारासह एकूण वजन १२,००० किलोच्या वर आहे ते. ७,५०० ते १२,००० मध्यम. ट्रॅक्टरचं बघितलं तर रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर तो हलक्या वाहनांत मोडतो, आणि बहुतेक सगळे ट्रॅक्टर त्याच्या आतच असतात. मग मागं दोन ट्रॉल्या ऊस लावलेला ट्रॅक्टर या आदेशात बसतो की नाही? प्रारूपात लिहिलेलं नाही. नाक्यावरचा हवालदार एक अर्थ लावेल, ट्रॅक्टरवाला दुसरा. रोजचं भांडण तिथं सुरू होईल. हे आत्ताच स्पष्ट करून घ्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काकूंना डंपरनं उडवलं, म्हणून डंपर बंद करा असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करून बघा. दुभाजकापासून कडेपर्यंत एका बाजूचा डांबरी रस्ता ७ मीटर धरा. चालता माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ओलांडायला साधारण ६ सेकंद. ताशी ६० च्या वेगानं येणारं वाहन ६ सेकंदांत १०० मीटर कापतं. त्याच वेगाला चालकानं धोका बघून, ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबायला आपल्या रस्ते मानकांत ८० मीटर धरतात. ताशी ८० ला तेच अंतर १२० मीटर. ताशी ४० ला फक्त ४५.

आता कटमध्ये उभं राहून बघा, शहराकडून येणारं वाहन तुम्हाला किती अंतरावर दिसतं. मी त्या रस्त्यानं जातो. थोडा चढ आहे, वळण आहे आणि वळणाच्या आतल्या बाजूला घरं विकायचे मोठे फलक आहेत. तिथं १०० मीटर दिसत असतील असं मला वाटत नाही. म्हणजे तुम्ही पहिलं पाऊल टाकता तेव्हा तुम्हाला धडकणारं वाहन अजून दिसलेलंच नसतं. ते वाहन डंपर असो नाहीतर चारचाकी. अकरा वाजता बंदी उठली की तेच, आणि बंदीच्या वेळात रस्ता मोकळा मिळाल्यावर चारचाकी ८० नं येईल. मोकळा रस्ता वेग वाढवतो.

चौथं. 'उंचीची कमान घाला म्हणजे ट्रक येणारच नाहीत' ही सूचना कुणीतरी करणार, म्हणून आधीच लिहितो. कमान लागली की अग्निशमन दलाचा बंब आत येत नाही. चार इमारतींच्या संकुलासमोर कमान मागू नका.

गतिरोधकाचंही तेच. वाटेल तिथं डांबराचा ढीग टाकायचा नाही. ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच, गोलाईचा असा त्याचा आकार ठरलेला आहे, ताशी २५ नं आरामात जाता येईल असा. पुढं फलक, वर पांढरे पट्टे, रात्री दिवा. अंधारात बिनरंगाचा गतिरोधक दुचाकीवाल्याचा जीव घेतो, आणि उसाच्या ट्रॉलीला अचानक हिसका बसला की वरच्या मोळ्या रस्त्यावर येतात. आधी लांबून रंबलर, म्हणजे चालकाला जागं करणाऱ्या बारीक उंचवट्यांचे आडवे पट्टे, मग उंच केलेलं पादचारी ओलांडणं, हा क्रम पाहिजे.

थकलो. सेवा रस्त्याचं उद्या लिहितो.

---

दोनमुलांचीआई
मंगळवार, रात्री १०.१०

काका, हे वाचून मी गप्प झाले. मला वाटायचं मीच भित्री आहे, बाकीचे ओलांडतात की. मुळात ते वाहन मला दिसूच शकत नाही, हे आज कळलं.

---

केएमटीचाप्रवासी
बुधवार, सकाळी ७.४०

एक विचारायचं होतं. बंदीतून कुणाला सूट आहे? प्रारूपात केएमटी (शहर बस), एसटी, शाळेच्या बस यांचा उल्लेख मला सापडला नाही. प्रवासी बससुद्धा वजनानं अवजडमध्ये जाते. सकाळी ७ ते ११ हीच कॉलेजच्या पोरांची वेळ. गोकुळचे दुधाचे टँकर, गॅस सिलिंडरची गाडी, अॅम्ब्युलन्स, बंब यांचंही स्पष्ट लिहून घ्या.

आणि अजून एक. तुमच्या संकुलाला पाणी कुठून येतं?

---

दक्षिणवाट
बुधवार, रात्री ८.५५

केएमटीचाप्रवासी यांच्या शेवटच्या प्रश्नानं मला दिवसभर सोडलं नाही.

आमच्याकडं नळाचं पाणी पुरत नाही, टँकर येतात. आज सुट्टी काढून सकाळी ७ ते ११ गेटवर बसलो. पाण्याचे टँकर आमचे. काँक्रीटचे मिक्सर चौथ्या इमारतीचे, वाळू आणि खडीचे डंपरही तिचेच. विटांचा ट्रक शेजारच्या प्लॉटवर उतरला. थेट पुढं जाणारे ट्रक आणि ट्रॅक्टर होतेच, पण जी वाहनं आमच्या गेटसमोर वेग कमी करून, कटमध्ये आडवी होऊन वळत होती, ती बहुतेक आमच्याच कामाची होती. काकूंना ज्या डंपरनं धडक दिली तो कुठं चालला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आज वॉचमनला विचारलं. तो आमच्याकडंच खडी घेऊन येत होता.

हे लिहायला जड जातंय. पत्रात मी 'बाहेरची वाहने' असा शब्द सहा वेळा वापरलाय.

संध्याकाळी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरचा आमच्या प्रकल्पाचा मंजूर नकाशा उघडला. घर घेताना बघितला होता तो फ्लॅटचा आराखडा, पूर्ण जागेचा नकाशा कधी उघडला नव्हता. बायपासला समांतर, प्लॉटच्या पूर्ण लांबीचा सेवा रस्ता त्यात दाखवलाय. प्रत्यक्षात तिथं विक्री कार्यालय, हिरवळ, कारंजं आणि ओव्हरसिअर काकांनी म्हटलेले ते फलक आहेत.

---

जुनाओव्हरसिअर
बुधवार, रात्री ९.५०

मी हेच लिहिणार होतो, तुम्ही माझ्या आधी शोधलंत.

सेवा रस्ता नुसता कागदाचा नियम नाही. तो असेल तर तुमची माणसं, टँकर, रिक्षा बायपासवर न येता आतून फिरतात आणि मुख्य रस्त्याला एकाच ठिकाणी, जिथं नजर पोचते तिथं मिळतात. वळणावरच्या गेटसमोर कटची गरजच उरत नाही. नजर अडवणारे फलकही त्याच पट्ट्यात आहेत, म्हणजे ते निघाले की निम्मं काम झालं.

स्थावर संपदा अधिनियम २०१६, कलम १४ प्रमाणे मंजूर नकाशाप्रमाणे काम करणं प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, बंधनकारक आहे. तक्रार महारेराकडं करता येते. त्यासाठी ताबा घेतलेल्यांनी एकत्र व्हा, एकट्यानं करू नका. बायपासवर फाटक उघडायची परवानगी रस्त्याच्या खात्यानं कोणत्या अटीवर दिली तेही मागा. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. चुकीच्या कार्यालयात गेला तर ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधन आहे.

आपल्याकडं हे का होतं तेही सांगतो. शहराच्या हद्दवाढीचा वाद दशकानुदशकं चाललाय. शहराबाहेरच्या ४२ गावांसाठी २०१७ ला वेगळं नगर विकास प्राधिकरण झालं. मधल्या पट्ट्यात घरपट्टी ग्रामपंचायत घेते, बांधकाम परवानगी वेगळीकडून, रस्ता तिसऱ्याचा, वाहतूक पोलिसांची. यातला प्रत्येक जण आपापलं कलम बरोबर पाळतो आणि त्या सेवा रस्त्याची जागा कुणी बघायला जात नाही. त्यामुळं तुमचं पत्र एकाच कार्यालयाला जाऊन उपयोग नाही.

---

लायनीवर
बुधवार, रात्री ११.४०

ट्रक चालवतो, बेंगळुरू आणि कोकण दोन्ही लाईन. गगनबावड्याकडनं चिऱ्याची गाडी घेऊन याच बायपासनं जातो.

ओव्हरसिअर साहेबांनी फलकाचं लिहिलं ते आमच्या जिवाचं आहे. नो एंट्रीची पाटी नेमकी बंदीच्या तोंडाला लावतात. १६ टायरची गाडी तिथं आल्यावर पाटी दिसते. आता करायचं काय? वळायला जागा नाही. उलट घ्यायची तर मागं रांग. पाटी पाहिजे मागच्या मोठ्या नाक्यावर, जिथं अजून मार्ग बदलता येतो तिथं, वेळ आणि मार्ग लिहून, आणि कानडीतही, कारण निम्म्या गाड्या तिकडच्या असतात.

दुसरं. सातला बंदी लागली की आमची गाडी अकरापर्यंत कुठं उभी राहणार? तुम्ही थांबायलाही मनाई केलीय. बंदीच्या हद्दीच्या बाहेर रस्त्याच्या कडेलाच रांग लागणार. पहाटेच्या धुक्यात, मागचा दिवा बंद, अशा उभ्या गाडीवर दुचाकी येऊन आदळते. मी स्वतः दोन बघितलेत, एकात पोरगं विशीतलं होतं. बंदी घालायची तर थांबायची जागा आधी द्या. पाणी, संडास, उजेड असलेली. आम्ही थांबतो की. आम्हालाही घरी लेकरं आहेत.

---

तिसरामजला
गुरुवार, सकाळी ८.३०

मी परवा 'वाहनांनी दुसरा मार्ग शोधावा' असं लिहिलं होतं. तो मार्ग कुणी दाखवलेलाच नाही, हे आता कळलं. सेवा रस्त्याचा नकाशा मीही रात्री बघितला. आमच्या इमारतीतले अकरा जण महारेराच्या तक्रारीला तयार आहेत. पण एक सांगतो, हे सगळं व्हायला महिने जातील. तोवर पोरं त्याच कटमधून जाणार. आज, उद्या, परवा काय? म्हणून बंदी पूर्ण सोडून द्यायला माझा विरोध आहे.

---

उसाचीखेप
गुरुवार, दुपारी १२.२०

तिसरामजला साहेब, तुमचं बरोबर हाय. पोरांच्या शाळेच्या टायमाला आम्ही थांबायला तयार हाय. मी आमच्या गावातल्या धा-बारा ट्रॅक्टरवाल्यांशी बोललो. सकाळी भरली गाडी कुणाचीच नसती, रिकामी असती. पावणेसात ते पावणेआठ थांबायला कुणाची ना न्हाई. दुपारी शाळा सुटायच्या टायमाला अर्धा-पाऊण तास, ते पण चालंल. फकस्त चार ते नऊ सलग नको. आणि ट्रॉलीमागं लाल रेडियम न्हाई त्याला सोडू नका, दंड करा. आमच्यातलीच काही लावत न्हाईत, त्यांच्यामुळं सगळ्यांचं नाव जातंय.

---

पुराचंपाणी
गुरुवार, दुपारी ३.००

थोडक्यात लिहितो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी गाठते, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला. त्या दिवसांत पाण्याबाहेर राहिलेला प्रत्येक रस्ता लागतो. धोका पातळी ओलांडली की बंदी आपोआप स्थगित, असं आदेशातच लिहून घ्या. ऐन पुरात सहीसाठी साहेब शोधत बसायला नको.

---

गावठाण
गुरुवार, संध्याकाळी ६.१५

कट बंद करण्यावर अजून कुणी बोललं नाही. आमच्या ग्रामपंचायतीत काल विषय निघाला. वाहनांसाठी कट बंद व्हायला आमची हरकत नाही, पण दोन अटी. माणसाला आणि जनावराला ओलांडायची जागा राहिली पाहिजे, आणि वाहनांना वळायला जवळ, नजरेच्या टप्प्यात जागा पाहिजे. ओव्हरसिअर काका, अशी जागा आहे का तिथं?

---

जुनाओव्हरसिअर
गुरुवार, रात्री ८.४०

आहे. वळण संपल्यावर, जुन्या विहिरीच्या पुढं रस्ता सरळ आणि सपाट होतो. तिथं दोन्हीकडून लांबवर दिसतं. ते अंतर प्रत्यक्ष मोजून पत्रात घालायला पाहिजे. 'धोकादायक' हा शब्द सगळेच लिहितात. 'कटपासून शहराच्या बाजूला इतके मीटर दिसते, पाहिजे इतके' असं लिहिलं की साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

अपघातांची नोंदही गोळा करा. केंद्राच्या व्याख्येत साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू झाले तर ते अपघातप्रवण ठिकाण (ब्लॅक स्पॉट) धरतात. आपल्याकडं आपसांत मिटवतात, नोंद होत नाही, आणि कागदावर रस्ता सुरक्षित राहतो. काकूंची नोंद आहे का?

---

दक्षिणवाट
गुरुवार, रात्री ११.१५

काकूंची नोंद झाली नव्हती. बिल्डरच्या माणसानं दवाखान्याचा खर्च दिला आणि विषय तिथंच संपला. आज त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलानं कागद काढून ठेवलेत, उद्या आम्ही दोघं ठाण्यात जातोय. काकू म्हणाल्या, "त्या डायवर पोराला त्रास देऊ नका, तोच पहिला खाली उतरून रडत होता." तक्रारीचा मजकूर लिहिताना हे लक्षात ठेवतो.

जुनं पत्र मागं घेतलं. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्या प्रत्येकाला फोन करून कारण सांगितलं. दोघं रागावले, बाकीच्यांना पटलं. नवं पत्र असं केलंय, चुका काढा:

"आम्ही खाली सह्या करणारे संकुलातील रहिवासी, पलीकडील वस्तीतील ग्रामस्थ, ऊस वाहतूकदार व मालवाहू वाहनचालक, प्रारूप आदेशावर एकत्रित सूचना सादर करीत आहोत.

प्रस्तावित नऊ तासांची बंदी न ठेवता शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळेपुरती, सकाळी ६.४५ ते ७.४५ आणि दुपारी शाळेच्या वेळेनुसार पाऊण तास, अशी मर्यादा घालावी. ही मर्यादा खालील कामे पूर्ण होईपर्यंतच असावी व दर तीन महिन्यांनी तिचा फेरविचार व्हावा. आदेशात वाहनांचे प्रकार वजनासह लिहावेत आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचा स्वतंत्र उल्लेख करावा. प्रवासी व शालेय बस, रुग्णवाहिका, अग्निशमन, दूध व गॅस यांना सूट द्यावी. संकुलाच्या बांधकामाची व पाण्याची वाहने यांना मात्र सूट देऊ नये, त्यांनीही शाळेची वेळ पाळावी. पंचगंगेने धोका पातळी ओलांडल्यास बंदी स्थगित राहावी.

बंदी सुरू होण्याआधी मागील दोन्ही नाक्यांवर वेळ व पर्यायी मार्ग दाखविणारे मराठी व कन्नड फलक लावावेत आणि मालवाहू वाहनांसाठी उजेड, पाणी व स्वच्छतागृहासह थांबण्याची जागा निश्चित करावी.

गेटसमोरील कट वाहनांसाठी बंद करून वळणापुढील सरळ भागात वळण्याची सोय करावी. पादचारी व जनावरांसाठी उंच केलेले ओलांडणे, त्याआधी रंबलर व दिवे द्यावेत. या पट्ट्यात ताशी ४० ची वेगमर्यादा लावावी. वळणाच्या आतील बाजूचे फलक तातडीने काढावेत. मंजूर नकाशातील सेवा रस्ता प्रत्यक्ष जागेवर मोकळा करून द्यावा."

प्रती: पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी (जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून), रस्त्याचं खातं, नकाशा मंजूर करणारं कार्यालय, ग्रामपंचायत. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घेणार.

---

दोनमुलांचीआई
शुक्रवार, सकाळी ६.३०

एक वाक्य वाढवा. पहिल्या दिवसापासून, काम होईपर्यंत, शाळेच्या वेळेला तिथं एक वाहतूक पोलीस किंवा गृहरक्षक द्यावा. तोपर्यंत आम्ही आया आळीपाळीनं शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन उभ्या राहतोय. सोमवारपासून. पाच जणींची नावं आलीत.

---

लायनीवर
शुक्रवार, सकाळी ९.१०

ताई, त्या वेळेला माझी गाडी आली तर तुमच्या झेंड्याला थांबेल. बाकीच्या चालकांच्या ग्रुपवरही टाकलंय. झेंडा लांबून दिसेल असा मोठा घ्या, आणि अंगावर चमकणारं जॅकेट घाला. धुक्यात साडी दिसत नाही.

---

गावठाण
शुक्रवार, दुपारी २.४५

ग्रामपंचायतीचं सहमतीचं पत्र तयार आहे, सरपंचांची सही झाली. शनिवारी घेऊन येतो. जुन्या विहिरीपाशी वळायला जागा करायची तर तिथं आमच्या चुलत्यांचा बांध येतो. त्यांच्याशी बोललोय, बघायला या म्हणालेत. अजून हो म्हणाले नाहीत.

---

दक्षिणवाट
शुक्रवार, रात्री ९.००

दोन्ही सूचना घेतल्या. ठाण्यात नोंद झाली, क्रमांक मिळाला. उद्या सकाळी कटमधून दिसण्याचं अंतर मोजायचं आहे, मग चुलत्यांकडं बांध बघायला जाऊ, सोमवारी पत्र देऊ. मुदतीला तेव्हा दोन दिवस शिल्लक असतील. मोजायला कोण कोण येतंय?

---

उसाचीखेप
शुक्रवार, रात्री ९.२०

मी येतोय. ट्रॅक्टर आडवा लावून एक बाजू थांबवू, म्हंजे नीट मोजता येईल. ट्रॉलीला नवं रेडियम लावलंय, ते पण बघा.

---

जुनाओव्हरसिअर
शुक्रवार, रात्री ९.३५

रस्ता अडवायचा नाही, पोलिसांना कळवल्याशिवाय तर मुळीच नाही. ट्रॅक्टर कडेला, मातीवर, मागचे दिवे चालू ठेवून उभा करा. ३० मीटरची टेप माझ्याकडं आहे. दोन खुंट्या आणि चुना कुणीतरी आणा. साडेसहाला येतो, सातनंतर वाहनं वाढतात.